एल्सीची किल्ली खुंटीवर नाही

प्रिय एल्सी,

तुझा निरोप मिळाला. त्याला पत्र म्हणायची माझी तयारी नाही. "बीम मिळाला. नोव्हेंबरात, सात दिवस. तो सोडून घरी येऊ का? बाबा कसे आहेत ते खरं सांग." झालं! आयुष्यातले दोन मोठे प्रश्न लेकीने एका श्वासात उरकले, आणि वर आईनेही तसंच उरकावं अशी अपेक्षा. ही खोड तुला बाबांकडून आली. नियंत्रण कक्षात बसून बसून माणसाची जीभ आखडते. 'तयार', 'थांबा', 'सोडा' यापलीकडे त्यांना शब्दच लागत नाहीत. मी सस्कॅचेवनच्या सपाट मुलखात वाढलेली बाई. आमच्याकडे शेजारी एकदा घरात शिरला की बर्फ वितळेपर्यंत बोलत बसायचा. तेव्हा चहा घेऊन बस. तुझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं देणार आहे, पण माझ्या पद्धतीने.

आधी बीमचं, तुझ्या प्रयोगाला मिळालेल्या प्रोटॉनच्या झोताचं. तुझा निरोप वाचला आणि स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवल्या. दोनदा तुझा प्रस्ताव परत आला होता. "लिथियम तर सगळ्यांनीच फोडून झालंय, आता त्यात नवीन काय?" असं समितीतल्या त्या गृहस्थांनी विचारलं होतं ना? मी तिथे असते तर त्यांना विचारलं असतं, की लग्नंही सगळ्यांचीच होतात, मग तुम्ही कशाला केलंत? तुझ्या त्या लिथियमच्या केंद्रकात दोन गाठोडी एकमेकांना सैलसर धरून बसलेली असतात, एक मोठं, एक लहान. वेगाने आलेला प्रोटॉन त्यातल्या एकाला धडकतो, जोडी तुटते, तुकडे उडतात. ते तुकडे डावीकडच्या आणि उजवीकडच्या शोधक यंत्रांनी एकाच क्षणी टिपले, की आपण मागे मागे जाऊन सांगू शकतो, तुटायच्या आधी ही दोघं आत कशी नांदत होती. तुझ्या आजीला मी हे एकदा मोठ्या अभिमानाने समजावलं होतं. ती पिरोग्या, बटाट्याचं सारण भरलेल्या त्या करंज्या, उकळत होती. म्हणाली, पाण्यात फुटली की कडा कुठे दाबायची राहिली होती ते मलाही कळतं, त्यासाठी एवढं मोठं यंत्र कशाला? मी दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते. पुढे वर्गात शिकवताना मात्र पिरोगीचंच उदाहरण द्यायचे, आजीचं नाव न सांगता.

एक-दोन गोष्टी आई म्हणून नाही, जुनी प्रयोगकर्ती म्हणून सांगते. लिथियमचा पत्रा तेलातून काढलास की हयगय करू नकोस. चांदीसारखा चकचकीत दिसतो आणि बघता बघता काळवंडतो. मग तू लिथियमऐवजी त्याच्यावर चढलेल्या हवेचे तुकडे मोजत बसशील. आणि पत्रा न लावलेल्या रिकाम्या चौकटीवर बीम सोडायला विसरू नकोस. तुझ्या गटातले लोक कुरकुरतील, एवढ्या मिनतवारीने मिळालेला वेळ काही नसलेल्या जागेवर का घालवायचा म्हणून. घालव. त्या रिकाम्या चौकटीतूनही काहीतरी येतच असतं. ते मोजून वजा केल्याशिवाय भरलेल्या चौकटीतलं खरं किती, ते कळत नाही. हे मी विद्यार्थ्यांना इतक्या वेळा सांगितलंय की ते मागून माझी नक्कल करायचे. करू देत. तू मात्र कर हो.

हे सगळं मी बाबांना सांगितलेलं नाही. तुला बीम मिळाला ही बातमी या घरात मोठ्याने बोलायची सोय नाही. का, ते आता येतंच आहे.

बाबांची तब्येत म्हणशील तर ठणठणीत. रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला. भूक चांगली. विनिफ्रेडने भाताची पेज पाठवली की दोन वाडगे संपवतात आणि "आमच्या केप ब्रेटनमध्ये असलं मिळत नसे" म्हणून हळहळतात. विनिफ्रेड लाम पेज का पाठवते? कारण सध्या आपला स्वयंपाक तिच्या घरी होतो. मी सकाळी भाज्या चिरून पातेली घेऊन कुंपणातल्या फटीतून पलीकडे जाते आणि दुपारी शिजवून परत आणते. तिला म्हटलं, विजेच्या बिलातला अर्धा वाटा माझ्याकडून घे. तर ती म्हणाली, "ऑक्साना, तू बडबड बंद ठेवलीस तर मीच तुला पैसे देईन." अशी शेजारीण मिळायला भाग्य लागतं.

आपल्या शेगडीला काही झालेलं नाही. बाबा ती पेटवू देत नाहीत.

दुपारचा चहा (तोही पलीकडून थर्मासमध्ये येतो) झाला की ते उठतात, बूट चढवतात आणि झडती सुरू करतात. तीच झडती, लॅबमध्ये बीम सोडण्याआधी हॉलची घ्यायचे ती; बीम आला तेव्हा आत माणूस राहिला तर जिवावर बेतायचं. सगळ्यात आतल्या कोपऱ्यापासून सुरुवात, प्रत्येक कोपऱ्यातलं बटण दाबायचं, खांबांच्या मागे वाकून बघायचं, मोठ्याने हाळी द्यायची आणि माणूस नाही अशी खात्री करत करत दाराकडे यायचं. घरात बटणं नाहीत म्हणून भिंतीच्या कोपऱ्यात अंगठा दाबतात. तुझ्या खोलीतल्या पिवळ्या रंगावर अंगठ्याचे डाग पडले तेव्हा मी आधी चिडले. मग माझ्या जुन्या कोटाची लाल बटणं काढून प्रत्येक खोलीत चिकटवली. काय खूश झाले म्हणून सांगू! म्हणाले, "चला, दुरुस्ती खात्याला शेवटी जाग आली." मी म्हटलं, हो ना, दोन अर्ज करावे लागले. पलंगाखाली, कपाटात, धुलाई यंत्रामागे, सगळीकडे "कोणी आहे का आत? बीम येतोय" अशी हाळी देत फिरतात. एकदा विनिफ्रेडची मांजर सापडली. तिला नियम समजावून सांगितले आणि हाताला धरून, म्हणजे पंजाला धरून, बाहेर काढलं. मी पोट धरून हसले. तेही हसले. एल्सी, आम्ही अजून हसतो. हे तुला कळावं म्हणून लिहितेय.

पण झडती संपली की ते मागच्या दाराशी येतात आणि किल्ल्यांच्या फळीसमोर उभे राहतात. माझी किल्ली खुंटीवर असते, त्यांची असते. तिसरी खुंटी रिकामी. तिथे त्यांचा चेहरा बदलतो. आधी बोट लावून बघतात, मग खाली जमिनीवर बघतात. मग वळून मला सांगतात, "एल्सी आत आहे." आणि जाऊन शेगडीची सगळी बटणं बंद करून तिच्यापुढे हात पसरून उभे राहतात. किल्ली फळीवर नाही तोवर काहीही सुरू करायचं नाही. शेगडी नाही, ओव्हन नाही, धुलाई यंत्र नाही. थँक्सगिव्हिंगला मी गुपचूप टर्की ओव्हनमध्ये ठेवली, तर अर्ध्यावर बंद झालेली सापडली. आम्ही पाव आणि चीज खाल्लं. लोणच्याची काकडी होती म्हणून सण झाला म्हणायचा.

ती फळी घरात कशी आली ते तुला आठवत असेल. तू एकटी शाळेत जायला लागलीस त्या वर्षी लॅबने किल्ल्यांची नवी पेटी बसवली आणि जुनी फळी मोडीत निघाली. बाबांनी ती उचलून आणली, तीन सोडून बाकी खुंट्या काढल्या आणि दाराशी ठोकली. लॅबमध्ये हॉलमध्ये जाणारा माणूस आपली किल्ली घेऊन जायचा, बाहेर आला की परत लावायचा. एक जरी किल्ली कमी असेल तर बीम येऊच शकत नसे. बाबांनी घरात तेच उलटं केलं. जग म्हणजे हॉल आणि घर म्हणजे बाहेर, ही त्यांची व्याख्या. घराबाहेर पडताना किल्ली घ्यायची, आल्यावर लावायची. तिन्ही लागल्या की ते मोठ्याने "सगळे बाहेर" म्हणायचे आणि ओसरीचा दिवा मालवायचे. सतरा-अठराव्या वर्षी तुला या सगळ्याचा काय संताप यायचा! मैत्रिणींसमोर लाज वाटायची. पण उशीर झाला तरी आल्याबरोबर किल्ली लावायचीस, कारण ती लावल्याचा आवाज आल्याशिवाय वरच्या मजल्यावरचं घोरणं सुरू होणार नाही हे तुला ठाऊक होतं.

फेरीबोटीची गोष्ट तुला त्यांच्या तोंडून ऐकून पाठ आहे. मी विद्यार्थिनी होते, दुपारची पाळी संपवून मैत्रिणीच्या लग्नाला नानाइमोला निघाले आणि हॉलची किल्ली माझ्या रेनकोटच्या खिशात राहिली. बोटीवरच्या भोंग्यातून माझं नाव घेऊन, "कृपया आपले खिसे तपासा" असं सगळ्या प्रवाशांसमोर सांगण्यात आलं. इथपर्यंत ते रंगवून सांगतात. एक गोष्ट मात्र नेहमी गाळतात. माझा बोटीवरून उलट निरोप गेला होता, की किल्ली सापडली, मी समुद्रात सुखरूप आहे. मुख्य कार्यालयाच्या तिजोरीत राखीव किल्ली होती. ती लावून बीम सोडता आला असता. तीन देशांतले लोक आपापला वेळ वाया जातोय म्हणून त्यांच्या नावाने बोटं मोडत होते. हा अँगस नावाचा हडकुळा माणूस जागचा हलला नाही. म्हणाला, बोटीवरचा निरोप कोणीही देऊ शकतो. किल्ली म्हणजे माणूस. माणूस समोर दिसल्याशिवाय मी सोडणार नाही. संध्याकाळची बोट पकडून मी परत आले तर धक्क्यावर हे उभे. मी माफीचं भलंमोठं भाषण तयार ठेवलं होतं. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि म्हणाले, "तू बाहेर आहेस ना? मग झालं." सगळं जग माझ्यावर ओरडत असताना त्या एका माणसाने मी जिवंत आहे एवढंच मोजलं होतं. मी त्याच धक्क्यावर ठरवलं. लग्नाचं त्यांना नंतर कळलं, मला तिथेच कळलं होतं. लग्नाला मात्र मी मुकले, म्हणजे मैत्रिणीच्या.

तर असा हा माणूस. आता तुला एक गोष्ट सांगायची आहे, जिच्यावरून तू माझ्यावर रुसली आहेस. गेले काही आठवडे तुझा फोन आला की मी दोन वाक्यांत ठेवून देते. परवा तर उचललाच नाही. तुला वाटलं असेल, आई काहीतरी लपवतेय. लपवत होतेच. झालं असं की सप्टेंबरात तू बोलत होतीस आणि मी फोनचा स्पीकर लावला, बाबांनाही ऐकू यावं म्हणून. त्यांनी तुझा आवाज ओळखला. आधी केवढा आनंद! मग फळीकडे बघितलं आणि त्यांचा रंगच उतरला. हॉलच्या भिंतीवर इंटरकॉम असायचा, आत कोणी अडकलं तर बोलायला. त्यांना वाटलं तू तिथून बोलतेयस. तू तिकडे मजेत सांगत होतीस की नव्या खोलीला खिडकी आहे, आणि इकडे ते मला खुणेने विचारत होते की हिला दार का सापडत नाहीये. मी फोन ठेवला. पडद्यावर दिसशील असा फोन करून बघावा असं मनात आलं होतं, पण हॉलमध्ये कॅमेरेही असायचेच की. म्हणून हे पत्र. पत्राला आवाज नाही.

त्यानंतर गेल्या गुरुवारी ते निघून गेले. मी विनिफ्रेडकडे पातेल्यापाशी होते. परत आले तर मागचं दार उघडं, त्यांचा कोट जागेवर आणि घरातल्या सपाता गायब. रिमझिम चालू होती. विनिफ्रेड गाडी काढतेय तोवर मर्व्हिनचा फोन आला. मर्व्हिन आठवतो ना, बाबांच्या हाताखाली शिकलेला, तुला लिफ्टची बटणं दाबू द्यायचा? तो आता तिथला मुख्य आहे. बाबा बस पकडून लॅबच्या फाटकाशी पोहोचले होते. नवा पहारेकरी त्यांना ओळखत नव्हता, आणि हे भिजलेल्या सपातांमध्ये त्याला सांगत होते की बीम थांबवा, माझी मुलगी आत आहे. मर्व्हिन शहाणा माणूस. त्याने वाद घातला नाही. आत नेलं, अंगावर स्वतःचं जाकीट घातलं आणि किल्ल्यांच्या पेटीसमोर उभं केलं. "मोजून घ्या, अँगस. सगळ्या आहेत." बाबांनी एकेक हात लावून मोजल्या. मग मर्व्हिनच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "या तुमच्या झाल्या, पोरा. आमच्यातली एक कमी आहे." मर्व्हिन त्यांना घरी सोडायला आला आणि गाडीतच बसून रडला. त्याला कॉफीसुद्धा देता आली नाही, शेगडी बंद म्हणून.

डॉक्टरीण तरुण आहे, पण समजूतदार. म्हणाली, त्यांच्याशी खरं-खोटं करत बसू नका, ज्याने जीव शांत होईल ते द्या. मला वाटलं, मग यात अवघड काय आहे? हार्डवेअरच्या दुकानात जाऊन माझ्या किल्लीवरून एक नवी कापून आणली. तांब्याचा बिल्लासुद्धा केला, तुझ्या बिल्ल्यासारखाच, तुझं नाव ठोकलं आणि तिसऱ्या खुंटीवर लावली. चाळीस वर्षं त्या धंद्यात काढलेल्या बाईने, त्या माणसाच्या बायकोने हे केलं. शहाणपण कुठे गहाण टाकलं होतं कोण जाणे.

दुपारी झडती झाली. ते फळीपाशी आले, किल्ली बघून थबकले. त्यांनी बिल्ला अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरला आणि कडेवरून अंगठा फिरवला. तुझा बिल्ला त्यांनी माझ्या एका प्रयोगातल्या टार्गेटच्या उरलेल्या चौकटीतून कापला होता (बीममध्ये कधीही न गेलेल्या, आणि तरी किरणोत्सर्ग नाही ना म्हणून मी तीनदा तपासलेल्या), आणि तू गणिताच्या प्रत्येक परीक्षेआधी तो चावायचीस. त्याच्या कडेला तुझ्या दातांच्या खुणा आहेत. नव्या बिल्ल्याला त्या कुठून असणार? बाबांना आज वार कोणता ते सांगता येत नाही, पण अंगठ्याला ते दात आठवत होते. किल्ली त्यांच्या हातातून पडली. तू खरं सांग म्हणालीस म्हणून सांगते, त्यांना इतकं घाबरलेलं मी लग्नानंतर कधी पाहिलं नव्हतं. किल्ली नसणं म्हणजे आत माणूस आहे. पण खोटी किल्ली म्हणजे आत माणूस आहे आणि फळी सांगतेय की नाही. त्यांच्या जगात यापेक्षा वाईट काही नाही. माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "ऑक्साना, ती आत आहे आणि कोणीतरी फळीला फसवतंय. तू तरी असं होऊ देऊ नकोस." मी त्यांना जवळ घेतलं आणि म्हटलं, नाही होऊ देणार. नंतर ती किल्ली विनिफ्रेडच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आले, आपल्या डब्यात टाकायची हिंमत झाली नाही.

विमानतळावरचं आठवतं? तू जपानला निघालीस त्या दिवशी सुरक्षा तपासणीच्या रांगेआधी किल्ली काढून त्यांच्या हातात द्यायला गेलीस, आता एवढी वर्षं लागणार नाही म्हणून. त्यांनी तुझी मूठ मिटली. म्हणाले, "जवळ ठेव. तुझी किल्ली खुंटीवर नाही तोवर या घरात कोणी काही सुरू करणार नाही." आपण दोघी हसलो, तू रडत रडत हसलीस. मला वाटलं, निरोप देताना माणूस असं काहीतरी बोलतोच. आता कळतंय की त्यांनी शब्द दिला होता. बाकी सगळं हातातून निसटलं, एल्सी, शब्द तेवढा धरून ठेवलाय.

आता तुझा दुसरा प्रश्न. पहिल्या झटक्यात मी लिहिलं होतं, ये. त्यात खोटं काही नव्हतं. तू यावंस असं मला रोज वाटतं, पातेली घेऊन कुंपणातून जाताना तर फारच वाटतं. मग विचार केला, तू आलीस तर काय होईल? तू किल्ली लावशील, ते "सगळे बाहेर" म्हणतील, मी आपल्याच शेगडीवर तुझ्यासाठी कोबीच्या पानांचे होलुब्त्सी करीन. आणि जाशील तेव्हा? किल्ली घेऊन गेलीस तर दुसऱ्या दुपारी तेच सगळं पुन्हा. ठेवून गेलीस तर ते इथे न येताही करता येण्यासारखं आहे, त्यापायी तुझा बीम कशाला घालवायचा? एकदा हातचा गेला तर पुन्हा तीन प्रस्ताव लिहीत बसशील. आणि तू समोर उभी राहिलीस तर ते तुला ओळखतील असं वचन मला देता येत नाही. परवा तुझ्या पदवीदानाचा फोटो हातात घेऊन म्हणाले, "गोड पोरगी आहे, कोणाची?" मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात फोटो खाली ठेवून उठले. झडतीची वेळ झाली होती. एल्सीला शोधायला गेले.

म्हणून, माझ्या लाडके, येऊ नकोस. किल्ली पाठव. बीम सुरू व्हायच्या आधी पाठव. मी काय मागतेय ते मला समजतं. आज त्यांच्यापाशी तुझं नाव उरलंय ते त्या रिकाम्या खुंटीमुळे. किल्ली आली की ते तुला शोधायचं थांबवतील, आणि शोधणं थांबलं की कदाचित नावही जाईल. हे लिहिताना माझा जीव तुटतोय, तुला वाचताना काय होईल ते मला ठाऊक आहे. पण रोज दुपारी त्या माणसाला कळतं की लेक आत राहिली, आणि रोज ते त्यांना पहिल्यांदाच कळतं. आपल्याला आठवत राहावं म्हणून त्यांना रोज एवढं भिऊ द्यायचं का? आपल्या दोघींना सुखरूप बाहेर काढण्यात त्यांनी आयुष्य घालवलं. आता त्यांना एकदा फळीसमोर उभं राहून "सगळे बाहेर" म्हणू दे. मग तू बीम घे, रिकाम्या चौकटीवरचाही घे, आणि तो संपला की लगेच ये. किल्ली नसेल, म्हणून बेल वाजव. दार तेच उघडतील, हल्ली बेल वाजली की मला उठू देत नाहीत. कोण आलंय ते त्यांना कळलं नाही तर वाईट वाटून घेऊ नकोस, नाव सांगत बसू नकोस. एवढंच म्हण, "बाबा, मी बाहेर आहे." मला खात्री आहे, ते म्हणतील, मग झालं. पाकीट जाड घे, बिल्ल्याची कड धारदार आहे.

तुझीच, कुंपणापलीकडे स्वयंपाक करणारी,
आई